शेपटाला बिब्बा बांधलेलं विमान

परवा माझ्या भावाच्या नातवानं सांगलीच्या मैदानात विमान उडवलं. हातात एक डबी, डबीला उभी काडी, इकडं बटण दाबलं की तिकडं विमान वळतंय. म्हातारीनं बघावं म्हणून मला खुर्ची टाकून बसवलं होतं. विमान झाडात शिरलं आणि पडलं. पोरगं रडकुंडीला आलं. त्याचा बाप म्हणाला, दुरुस्त करू, उद्या परत उडवू. सगळे हसले. मी उठले आणि घरात जाऊन बसले. सगळ्यांना वाटलं, हिला ऊन लागलं. ऊन कसलं लागतंय! पडलेलं विमान दुरुस्त करून परत उडवलं की काय होतं, ते मी एकदा बघितलंय.

माझं माहेर हे असं सांगलीचं. वडिलांचं सायकली दुरुस्त करायचं दुकान होतं. सासर साताऱ्याच्या बाजूला, कृष्णेकाठच्या गावात, शेतकऱ्याचं. माझं लग्न झालं तेव्हा दुसरी लढाई सुरू झालेली. हे नांगराच्या कारखान्यात फिटर होते. फौजेला फिटर पाहिजेत म्हणून भरती निघाली आणि हे गेले. त्या भागात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळं कुणी रडलंबिडलं नाही. मामंजी, म्हणजे माझे सासरे, पहिल्या लढाईत इराकात बसऱ्यापर्यंत जाऊन आले होते. एका पायानं लंगडत आले, पण आले. फौजेत गेलेला माणूस थोडा मोडून का होईना परत येतो, अशीच त्या घराची समजूत होती.

सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. माझा राग नाकावर, त्यांचा जिभेवर. आमचं रोज वाजायचं. मीठ कमी पडलं म्हणून वाजायचं, जास्त झालं म्हणून वाजायचं. पण बाई मायेची. आणि नजरेला भ्यायची. घरात जे काही नवं येईल त्याला नजर लागणार, हे ठरलेलं. वासरू झालं, बांध बिब्बा. गाडीला नवं चाक आलं, बांध बिब्बा. माझ्या लग्नातल्या ट्रंकेच्या कडीलासुद्धा त्यांनी काळ्या दोऱ्यात बिब्बा आणि एक गंजका खिळा ओवून बांधला होता. मी काढून टाकला तर दुसऱ्या दिवशी परत तिथंच.

ह्यांची छावणी विमानतळाजवळ होती. काम विमानांच्या वर्कशॉपात. तिथं एक गोरा साहेब फावल्या वेळात रबरावर उडणारी खेळण्यातली विमानं करायचा आणि हे त्याला हाताखाली मदत करायचे. सुट्टीवर आले ते डोक्यात विमान घेऊनच. आल्याआल्या मामंजींचा चांगला कळकाचा बांबू चिरला. कामट्या काढल्या, काचेच्या तुकड्यानं तासून तासून सुतळीएवढ्या केल्या, दिव्यावर धरून वाकवल्या. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा पुढचा पंखा कोरला. अंगावर पतंगाचा कागद चिकटवला, त्यावर बाभळीच्या डिंकाचं पातळ पाणी फिरवलं, म्हणजे कागद ताठ होतो. पोटातून सायकलच्या ट्यूबच्या बारीक पट्ट्या. पंखा उलटा फिरवायचा, रबराला पीळ बसतो, सोडलं की पंखा फिरतो आणि विमान निघतं. ट्यूब माझ्या वडिलांच्या दुकानातली होती, म्हणून मलाही त्यात वाटा असल्यासारखा तोरा आला होता.

माणूस सुट्टीवर आलाय आणि दिवसभर कामट्या तासत बसलाय, म्हणून मी आधी फणफणले. मग जवळ जाऊन बसायला लागले. घरात नवराबायकोनं दिवसाउजेडी बोलायची सोय नव्हती, पण विमान धरायला कुणीतरी लागायचं, आणि ते धरताना बोललं तर आत्याबाई काही म्हणायच्या नाहीत. आमचा सगळा संसार तेवढाच, विमानाच्या दोन बाजूंना बसून झालेला. शेवटी त्यांनी दोन बोटांची टोकं दोन पंखांखाली लावून विमान उचललं. ते पुढंही झुकेना, मागंही झुकेना. मला म्हणाले, ह्यालाच सगळं आहे बघ, तोंड जड नको आणि शेपूट जड नको. मीही बोटांवर धरून बघितलं. त्यांनी माझी बोटं धरून नीट जागेवर लावली, तेवढ्यात आत्याबाई खोकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाबाहेरच्या माळावर उडवायचं ठरलं. अर्धं गाव लोटलं. आणि इथंच घोटाळा झाला. एवढी माणसं बघणार म्हटल्यावर आत्याबाईंच्या जिवाला घोर लागला. लेकाला सांगितलं तर हसंल, म्हणून त्यांनी पहाटे गुपचूप, त्याच्या नजरेला येऊ नये अशा बेतानं, विमानाच्या शेपटाखाली बिब्बा आणि खिळा बांधला. ह्यांनी विमान कापडात गुंडाळून ठेवलेलं, तसंच उचलून माळावर आणलं आणि लोकांच्या गडबडीत पीळ देऊन सोडून दिलं.

ते वर निघालं. तोंड आभाळाकडं करून नुसतं वर, वर. लोक ओरडले. मग एका जागी थबकलं, उलटलं आणि सरळ खाली आलं. एक पंख मोडला, कागद फाटला. हे पळत गेले, उचललं आणि खो खो हसायलाच लागले. शेपटाचा दोरा तोडून बिब्बा आईच्या हातावर ठेवला आणि चारचौघांत म्हणाले,

"आये, तुझ्या बिब्ब्यानं पाडलं बघ माझं इमान."

चेष्टेनं म्हणाले हो. त्यांच्या बोलण्यात दुसरं काही नव्हतं. लोक हसले, आत्याबाईपण तोंडाला पदर लावून हसल्या. दुसऱ्या दिवशी सुट्टी संपत होती. मोडकं विमान मधल्या घरात तुळईला टांगलं, पुढच्या सुट्टीत दुरुस्त करतो म्हणाले, आणि गेले.

पुढं त्यांना बोटीनं सिंगापूरच्या बाजूला धाडलं. सिंगापूर जपान्यांच्या हाती पडल्याचं गावात बोललं जाऊ लागलं आणि मागोमाग तार आली, बेपत्ता. मेला म्हणत नव्हते, धरला म्हणत नव्हते. बेपत्ता म्हणजे काय, ते मामंजींनी तारमास्तरला दोनदा विचारलं. मी चुलीपुढं बसून होते. आत्याबाई तुळईखाली उभ्या राहिल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "म्या पाडलं." मला आधी समजलंच नाही. मग वर टांगलेलं मोडकं विमान बघितलं आणि तो बिब्बा आठवला.

त्या दिवसापासून बाईनं पायात वहाणा घालायचं सोडलं. एक वेळ जेवायची, तेही कोरडी भाकरी. भुईवर निजायची. देवाला बोलली होती की माझ्या हातानं जे झालंय ते मीच फेडीन, पण लेक माघारी दे. आम्ही किती समजावलं. मामंजी म्हणाले, अगं, खेळण्याचा आणि माणसाचा काय संबंध? मीही तोंड टाकलं. पण त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. जाण्याच्या आदल्या दिवशी लेकानं चारचौघांत बोललेले शब्द होते ते, ते त्या कशा विसरणार? घरात कुणी विमानाला हात लावला की अंगावर यायच्या. तो येऊन दुरुस्त करणार हाय, म्हणायच्या.

आणि खरं सांगते, मला ते बरं वाटायचं. बाहेर बायका माझ्या कपाळाकडं बघायच्या. कुंकू आहे की गेलं, एवढंच बघायच्या. कुणी म्हणायचं, दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्या, विधी उरकून घ्या, पोरीला असं अधांतरी किती ठेवणार. आत्याबाईंनी त्या माणसाला अंगणातूनच हाकललं. माझ्या हातात दरसाल नव्या बांगड्या त्या स्वतः भरवायच्या. कासार आला की मला हाताला धरून ओढत न्यायच्या.

लढाई संपली. पकडलेले लोक परत येऊ लागले. आमच्या पंचक्रोशीत दोघं आले, हाडांचे सापळे होऊन. आत्याबाई अनवाणी दोघांच्याही दारात जाऊन आल्या. एकाला काहीच ठाऊक नव्हतं. दुसऱ्यानं ह्यांना तिकडं बघितलं होतं, पण सिंगापूर पडायच्या आधी. मग येणाऱ्यांची रांग संपली. वर्ष उलटलं. आत्याबाईंनी हाय खाल्ली. एक वेळची भाकरीही अर्धी टाकून उठायच्या. पोटऱ्या वाळल्या, डोळे आत गेले. वैद्य म्हणाला, रोग काही नाही, बाईनं जगायचं मनावर घेतलं पाहिजे. मामंजी माझ्यापुढं सहसा बोलत नसत. ते म्हणाले, "पोरी, ही आता ऱ्हात न्हाई."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एक माणूस लढाईनं नेलं आणि दुसरं काय एका बिब्ब्यापायी घालवायचं? रात्रंदिवस मी तेच घोळत बसले. त्या बिब्ब्यानंच विमान पडलं होतं, ह्यात खोटं काही नव्हतं. शेपूट जड झालं, तोंड वर गेलं, दुसरं काय होणार! ते मला कळत होतं, कारण ह्यांनी माझी बोटं धरून शिकवलं होतं. मग वाटलं, शेपटाला बिब्बा असतानाही ते उडालं तर? आत्याबाईंनी आपल्या डोळ्यांनी बघितलं तर? तर त्यांच्या छातीवरचा धोंडा उतरेल आणि बाई जेवेल. मला एवढंच पाहिजे होतं.

विमान खाली काढू म्हटल्यावर त्या अंगावर धावून आल्या. मीही ऐकणाऱ्यातली नव्हते. म्हटलं, "ते येणार म्हणता न्हवं? मग आल्यावर त्यांच्या पुढ्यात उंदरांनी खाल्लेलं इमान टाकायचं व्हय? घरात दोन बायका असून तेवढं बी झालं न्हाई तुमच्यानं, म्हणतील." मग आत्याबाईंनी स्वतःच स्टूल आणून तुळईखाली ठेवलं.

खळीच्या वासानं उंदरांनी कागद खरंच कुरतडला होता. रबर इतकं कडक झालेलं की हातात मोडलं. मामंजींनी नवा कळक चिरला आणि कामटी तासली. मोडलेला पंख आम्ही दोऱ्यानं बांधला, खळ लावली, वाळवला. ट्यूब मिळायची पंचाईत. तेव्हा रबर सोन्याच्या भावानं, आणि तेही मिळेल तर. पंचमीला सांगलीला गेले तेव्हा भावानं लुगडं काढून ठेवलं होतं. मी म्हटलं, लुगडं राहू दे, ट्यूब दे. त्याला वाटलं ह्या बाईचं डोकं फिरलं. मग मी सगळं सांगितलं तेव्हा तो आत गेला आणि चालत्या सायकलची ट्यूब काढून घेऊन आला.

जुना कागद सोलताना एके ठिकाणी डिंकात अंगठ्याचा ठसा दिसला. ह्यांचाच. कोरा, स्वच्छ, एकेक रेघ दिसत होती. मी तिथंच थांबले. इतक्या दिवसांत मी त्या घरात मोठ्यानं रडले नव्हते. बाई रडली की विधवा झाली असं लोक धरून चालतात, म्हणून रडले नव्हते. त्या दिवशी मामंजींसमोर हमसून हमसून रडले. ते म्हणाले, तेवढा तुकडा राहू दे, त्याच्या कडेनं नवा कागद लाव. तसंच केलं. तांबड्या कागदात तो जुना पिवळा तुकडा ठिगळासारखा दिसायचा.

मग मी ट्रंकेच्या कडीचा बिब्बा आणि खिळा सोडून विमानाच्या शेपटाला बांधून बघितला. बोटांवर धरलं तर शेपूट धाडकन खाली. मग पुढं, पंख्याच्या मागं, मेणाचा गोळा दाबला. कमी पडला. त्यात मासे धरायच्या जाळ्याचं शिसं घातलं. थोडं काढलं, थोडं घातलं. शेवटी विमान दोन बोटांवर पुढंही झुकेना, मागंही झुकेना. मामंजी ओट्यावरून बघत होते. तिला फसवायचं न्हाई, म्हणाले. मी म्हटलं, कुठं फसवतेय? बिब्बा बांधायचा तर बांधू दे, तोंडाला थोडं वजन घातलं तर कुणाच्या बापाचं काय जातंय? फसवलं म्हणा, नाहीतर आणखी काही म्हणा. आज परत वेळ आली तरी मी तेच करीन.

ज्वारीची काढणी झाल्यावर, वारा पडलेला असताना सकाळी आम्ही तिघं माळावर गेलो. गावात कुणाला सांगितलं नाही. मी पदरातून बिब्बा, खिळा आणि काळा दोरा काढला आणि आत्याबाईंच्या पुढं धरला. त्या मागं सरल्या. माझा हात लावू नगं, म्हणाल्या, पुन्यांदा नगं. मी त्यांचं मनगट धरलं. नुसतं हाड लागलं हाताला. म्हटलं, तुम्ही बांधल्याशिवाय मी हे उडवणार नाही, इथंच मोडून टाकीन. मी बोलले तसं करते, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी बांधला. गाठ बसेना, तीनतीनदा सुटली. मीही मदत केली नाही.

पंखा फिरवताना माझं बोट सोलवटलं. रबराला गाठीवर गाठ चढली. मी विमान डोक्याच्या वर धरलं, आणि त्या क्षणी मला देवाचं नाव आठवेना, ह्यांचंच आठवलं. सोडलं.

आधी ते खाली गेलं. मग सावरलं, उचललं, आणि फरफरत वर निघालं. तोंड सरळ. बांधाच्या बाभळींच्या वरून गेलं, तिकडं वळलं, परत आमच्याकडं आलं. सकाळचं ऊन पलीकडून होतं, कागदातून कामट्या दिसत होत्या, आणि तो पिवळा तुकडाही दिसत होता. पंखा थांबल्यावरसुद्धा कितीतरी वेळ तसंच तरंगत राहिलं आणि धाटांच्या खुंटांत अलगद टेकलं. मामंजी लंगडत तिकडं पळाले. काय पळाले ते! पोरासारखे हात वर करून.

मला तर आनंदानं काही सुधरेना. मी आत्याबाईंकडं वळले. त्या खाली बसल्या होत्या, ढेकळांत. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि म्हटलं, बघितलंत का, बिब्बा होता की नाही शेपटाला? तुम्हीच बांधलात की नाही? तरी उडालं. तुमच्यामुळं काही झालेलं नाही. आता तरी जेवा.

विमान खाली उतरलं तरी त्या आभाळाकडंच बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या,

"म्हंजे माज्यानं झालं न्हाई."

"न्हाई."

"मग त्यो माज्यानं माघारी बी यायचा न्हाई."

मी इतका विचार केला होता, मेणाचा, शिशाचा, वाऱ्याचा. हा केलाच नव्हता. आपल्या हातानं बिघडलं, म्हणजे आपल्या हातानं निस्तरता येईल, एवढ्यावर ती बाई अनवाणी चालत होती. तिचा अपराध मी काढून घेतला, आणि त्याच्याबरोबर तेही गेलं. ती रडली नाही. मला म्हणाली, ऊठ, ऊन चढलं, घरी चल.

त्या संध्याकाळी आत्याबाई आमच्याबरोबर जेवल्या. दोन भाकरी खाल्ल्या, मामंजींकडं ताक मागितलं. भांडी उचलताना मामंजींना म्हणाल्या, बामनाला निरोप धाडा, पुतळ्याचं काय ते उरकून घ्या, पोरीला असं टांगून ठेवायचं न्हाई. मामंजींनी मान डोलावली. मी तिथंच भडकले, हातातलं पातेलं आपटलं, बारा वर्षं वाट बघायची रीत आहे, ती कुठं झालीत, म्हणाले. कुणी माझ्याशी भांडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा आत्याबाई माझ्याशी भांडल्या नाहीत.

आमच्या दारातून गावात येणारा रस्ता दिसायचा. सकाळी सडा टाकायला बाहेर आलो की आम्ही दोघी आधी त्या रस्त्याकडं बघायचो. तार आली तेव्हापासून एकही सकाळ चुकली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी दाराबाहेर आले तेव्हा आत्याबाई माझ्या आधीच अंगणात होत्या. खाली मान घालून सडा टाकत होत्या. पायात जुन्या वहाणा होत्या. मी रस्त्याकडं बघितलं, आणि आता बघणारी मी एकटीच होते.